तळाचं पाणी

कुंदे, आज सकाळीही मी सातला फोन समोर ठेवून बसले. तुझा फोन येणार नाही हे मला कळतं. मला ते कळत नाही असं समजून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात, त्याचा राग येतो. निवृत्त होऊन आपण दोघी नागपुरात परतलो, तू प्रताप नगरात आणि मी नंदनवनात, तेव्हापासून रोज सातला तुझा फोन यायचा. तू कधी हॅलो म्हटलं नाहीस. "उठली का वं?" एवढंच. उठले नसते तर फोन कोणी घेतला असता, हे मी तुला हजारदा तरी विचारलं असेल.

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. तुझा फोन तुझे 'हे', म्हणजे आमचे भाऊजी, अजून चार्ज करून ठेवतात. त्यात तू सातचा गजर लावला होतास आणि त्याला माझं नाव दिलं होतंस. तो बंद कसा करायचा हे त्यांना येत नाही, आणि कोणी करून देतो म्हटलं तर ते फोन खिशात घालतात. म्हणजे तुझ्या घरात रोज सकाळी माझं नाव वाजतं आणि माझ्या घरात तुझं वाजत नाही.

मला तुझ्याजवळ एक कबूल करायचंय. पण त्याआधी टाकीचं सांगावं लागेल. तुला टाकीचं माहीत आहे, तरी ऐक. आता तुला मला मध्येच तोडता येत नाही, तेवढा एक फायदा मी उचलणार.

पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या. 'अणुशास्त्रज्ञ' असं लिहिलंय. तू वाचलं असतंस तर कपाळाला हात लावला असतास. "म्या काय शोधलं वं? दुसऱ्यानं बनवलेलं मोडलं तर काय होते, ते पाहिलं फक्त." आपलं काम बाहेरच्याला समजावणं अवघडच होतं. तुझ्या सासूबाईंना तू एकदा समजावत होतीस ते मला आठवतं. अणुभट्टी बंद केली तरी ती लगेच निवत नाही, चुलीतल्या निखाऱ्यांसारखी आतून धगधगत राहते, म्हणून तिला सतत पाणी लागतं. ते पाणी नेणारा पाइपच फुटला तर ठेवणीतल्या टाकीतलं पाणी तिच्यात सोडायचं. ते किती वेळ पुरेल, तोवर आतलं इंधन किती तापेल, हे आम्ही कागदावर काढतो. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे जे झालंच नाही, त्याचा घोर करायचा पगार भेटते तुले?" तू म्हणालीस, "व्हय." आणि दोघी कितीतरी वेळ हसत होतात.

हा घोर तू घरीही आणायचीस. "धर का गॅस संपला." "धर का लिफ्ट अडकली." आपल्या शब्दांत अपघाताची सुरुवात 'धरून चाला' अशीच व्हायची, पण तू ती भाजीच्या पिशवीपर्यंत नेलीस. पुतणीच्या लग्नात मांडवात उभी राहून म्हणालीस, "धर का नवरदेव आलाच नाही," आणि तुझ्या मावशीनं तुला सगळ्यांदेखत झापलं. नवरदेव आला. उशिरा आला, पण आला. तू मात्र तेवढ्या वेळात जेवणाच्या पंगती आधी बसवायची तयारी करून ठेवली होतीस.

तर टाकी. आपल्या प्रत्येक गणितावर दोन सह्या लागायच्या, एक करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. तू करायचीस, मी तपासायची. ऑफिसात आपल्याला कोणी वेगळं धरत नसे. एकाच कॉलेजातून एकाच सरांच्या हाताखाली शिकून एकाच महिन्यात रुजू झालेल्या, डबाही एकमेकींचा खाणाऱ्या. तुझ्या मनात काय चाललंय हे तुझ्या पेन्सिलीच्या आवाजावरून मला कळायचं. मला याचा अभिमान होता, कुंदे. आता लिहिताना लाज वाटते, पण होता.

त्या एका प्रकल्पाच्या अहवालावर आपल्या सह्या झाल्या आणि बैठकीत आपण तो मांडला. पाणी पुरून वर चांगलं शिल्लक राहतं, असं आपण ऐटीत सांगितलं. मागच्या रांगेत शिफ्टवरचा एक वयस्क ऑपरेटर बसला होता. त्यानं हात वर केला नाही, उभाच राहिला. म्हणाला, "मॅडम, टाकीतलं सगळं पाणी तुम्ही धरलंय. पण टाकीचं तोंड तळाला नाही. वर आहे थोडं. खालचं पाणी खालीच राहतं."

खोलीत कोणीतरी खोकलं. ड्रॉइंगमध्ये ते तोंड स्पष्ट दाखवलेलं होतं. तू ड्रॉइंग पाहिलं नव्हतंस, तक्त्यातून एकूण पाण्याचा आकडा उचलला होतास. मी तपासायला बसले तेव्हा मीही तोच तक्ता उघडला, तोच आकडा उचलला, आणि तो तुझ्या आकड्याशी जुळला म्हणून खूश झाले. आपण दोघी नागपूरच्या! उन्हाळ्याचे चार महिने तोटीच्या माठावर काढलेल्या. तोटी तळापासून चार बोटं वर असते, शेवटचं पाणी तोटीतून येत नाही, त्यासाठी माठ कलता करावा लागतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

झालं काहीच नाही. अहवाल मागे घेतला, तीन आठवडे बसून पुन्हा केला. पाणी पुरत होतं, पण जेमतेम. जेवढी शिल्लक आपण मिरवली होती तेवढी नव्हती. वरचे लोकही फार बोलले नाहीत. बोललीस ती तू, बैठक सुटल्यावर जिन्यात.

"काहून वं मंगले, तू तपासलं होतं ना?"

"तपासलं होतं."

"काय पाहिलं?"

"तू केलेलं पाहिलं."

"हेच तर म्हणून राहिली मी. तू माह्यं पाहिलं. टाकी नाही पाहिली."

चिडलीस की तुझी भाषा थेट माहेरी जायची. खालून दोन दाक्षिणात्य सहकारी वर येत होते, ते बिचारे आपल्याला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभे राहिले. मला वाटलं, राग ओसरेल.

तो ओसरला नाही, कारण तो राग नव्हताच. पुढच्या आठवड्यात तू साहेबांना लेखी कळवलंस की तुझ्या गणितांना यापुढे तपासणारा दुसरा द्या. मला आधी सांगितलंही नाहीस. तुझ्या टेबलाशी त्या नव्या पोराला बसवलं, ज्याला तू मुळीच आवडत नव्हतीस आणि जो तुझ्या प्रत्येक ओळीवर लाल पेन्सिल ओढायचा. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "तपासणारा दुसऱ्या रस्त्यानं आला पाहिजे. त्याच रस्त्यानं आला तर तो तपासणारा नाही, सोबती झाला. तुह्या माह्यावर लय भरोसा आहे, मंगले. म्हणून तू नको."

अख्खा पावसाळा मी तुझ्याशी बोलले नाही. बसमध्ये पुढे बसायची, म्हणजे तुझं तोंड दिसू नये. तुला वाटत असेल मी रुसले होते. रुसणं वेगळं. मला कोणीतरी माझ्याच घरातून बाहेर काढल्यासारखं झालं होतं. मग एके दिवशी तू येऊन शेजारी बसलीस, मांडीवर डबा उघडलास आणि म्हणालीस, "पातोडीची भाजी आहे. खाऊन घे, मग उतर अन् बोलू नको." मी खाल्ली. बोलले. पण तो वाद आपण मिटवला नाही, फक्त त्याच्यावर पोळी झाकली.

त्यानंतर तू हाताखालच्या पोरापोरींना एकच धडा शिकवायचीस. उत्तर सांगून तपासायला देऊ नका. मी एक आकडा काढला आहे एवढं सांगा, कोणता ते सांगू नका. समोरच्याला तुमचं उत्तर कळलं की तो तुमच्या बाजूनं विचार करायला लागतो, त्याचा इलाज नाही. मी मागच्या टेबलावर बसून हे ऐकायची आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, ही माझं नाव न घेता मलाच सांगते आहे. सांगतच होतीस. तू अजून बोलत असतीस तर हे नाकारलं असतंस, आणि मी तरीही मानलं नसतं.

प्रताप नगरच्या तुझ्या स्वयंपाकघरात तू बारा महिने माठ ठेवलास, आणि त्याच्या तिवईवर मागच्या बाजूनं एक लाकडी ठोकळा. माठ कायम पुढे कललेला. भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "आमच्या घरी माठबी नमस्कार करते." ते शाळेत पीटीचे मास्तर होते, तुझ्या नोकरीपायी गावोगावच्या शाळा बदलत राहिले आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. ठोकळ्याचं खरं कारण त्यांना तू सांगितलं होतंस की नाही, मला माहीत नाही. मला माहीत होतं. पाण्याचा पेला हातात घेतला की मला ती बैठक दिसायची.

मागच्या महिन्यात तुझ्या गच्चीत उन्हाला बसून संत्री सोलताना मी शेवटी म्हटलंच. "तू मला तेव्हा काढून टाकलंस." तू फोडीची बी थुंकलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "काढलं नाही वं. तपासणारी दुसरी भेटत होती. तू दुसरी भेटत नव्हती, म्हणून तुले तिकडून उचलून इकडे ठेवलं." इतक्या वर्षांनी तू हे सांगत होतीस, तेही संत्रं सोलता सोलता. मला तुझा राग आला आणि रडूही आलं, आणि मी उन्हाचा चष्मा घातला. दुसऱ्या दिवशी फोनवर याचं नीट उत्तर देईन असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी आपण गवारीच्या शेंगांवर बोललो.

आता ती सकाळ.

सातला फोन आला. "उठली का वं?" मी म्हटलं, उठले. तू म्हणालीस, "छातीत जळजळ होऊन राहिली मंगले. काल त्या तर्री-पोह्यात तर्री लय झाली. अ‍ॅसिडिटीच असंल, नाही?" मी म्हटलं, असेल, मलाही होते, जिरं-पाणी घे. मग तू म्हणालीस की दाढही ठणकते आहे खालची. मी म्हटलं, तुला किती दिवस सांगते, दातांच्या डॉक्टरकडे जा. जळजळीला मी एक कारण दिलं आणि दाढेला दुसरं. दोन इशारे एकदम वाजले तर आधी दोघांचं एकच कारण शोधायचं, हे मी स्वतः कितीजणांना शिकवलंय. मग आपण तुझ्या त्या व्याख्यानाबद्दल बोललो, कॉलेजातल्या मुलांसमोर तुला काय सांगायचंय आणि मी त्यातलं काय गाळायला सांगते. तू दोनदा थांबलीस. मला वाटलं चहा पिते आहेस.

दहाच्या आधी तू स्वयंपाकघरात पडलीस. दवाखान्यात मी पोहोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं हे दुखणं पहाटेपासून सुरू झालेलं असणार, सकाळीच आणायला हवं होतं. भाऊजी बाकावर बसले होते, गळ्यात मफलर, पायात घरातल्या स्लिपर. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "सकाळी फोनवर काही बोलली का ताई तुमाले?"

मी म्हटलं, "नाही. नेहमीसारखंच."

हेच ते कबूल करायचंय, कुंदे. माझ्या तोंडून ते इतक्या सहज गेलं की मीच दचकले. मग ते परत घ्यायला जागा राहिली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी सांगायचे, "एवढं दुखून राहिलं, पण कोणाले म्हणून नाही सांगितलं तिनं. मंगलताईलेही नाही." ते माझ्याकडे हात करून हे सांगायचे आणि मी त्यांच्या शेजारी बसून मान हलवायची. बायका म्हणायच्या, अशीच होती ती, स्वतःचं काही सांगायची नाही. मला ओरडावंसं वाटायचं की ती सगळं सांगायची! दाढेपासून तर्रीपर्यंत सगळं सांगितलं होतं तिनं. पण मी ओरडले नाही. माझ्या भित्रेपणामुळे तू आता लोकांच्या लेखी नवऱ्यापासून दुखणं लपवणारी बाई झाली आहेस, आणि तो माणूस उरलेलं आयुष्य हेच घोकत बसणार की बायकोनं आपल्याला काहीच सांगितलं नाही.

रोज सातला मी तो फोन पुन्हा ऐकते. तू म्हणतेस, अ‍ॅसिडिटीच असंल, नाही? आणि परवापर्यंत रोज माझ्या तोंडून तेच निघायचं, असेल. मला बदलता यायचं नाही. काही वेळा तर घरात कोणी नसताना मी मोठ्यानं म्हणायची, असेल. मग दारावरची बेल वाजली तरी अंगावर काटा यायचा.

परवा मला ते सोसेना. चार वाजता ऑटो करून प्रताप नगरला गेले. भाऊजी एकटेच होते. सोफ्यावर तुझी घडी केलेली शाल, टेबलावर तुझा फोन. ते माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले, मीही मागोमाग गेले. त्यांनी तोटी सोडली, पेल्यात दोन घोट पडले आणि धार तुटली. "संपलं वाटते," म्हणाले. पाहुण्यांपैकी कोणीतरी आवराआवरीत ठोकळा काढून टाकला होता, माठ सरळ बसला होता. मी माठ मागून उचलून कलता केला. पेला भरला.

पेला त्यांच्या हातात होता, मी माठ धरून उभी होते, आणि तशीच बोलले. "भाऊजी, मी तुमच्याशी खोटं बोलले. कुंदानं मला सांगितलं होतं. छातीत जळजळ होते म्हणाली. मी जिरं घे म्हटलं."

मला वाटलं ते पेला फेकतील. फेकला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, तोटी बंद केली, आणि म्हणाले, "जिरं मीच भाजून देल्लं तिले."

मला कळेना. ते ओट्याला टेकून उभे होते, पाठ माझ्याकडे.

"मलेही सांगितलं होतं, ताई. तुमच्या फोनच्या आधी. अ‍ॅसिडिटीच असंल नाही, म्हणे. म्या म्हटलं, व्हय. मग तिनं गॅलरीत जाऊन तुमाले फोन लावला. आत आली अन् म्हणे, मंगलबी तेच म्हणते. मले बरं वाटलं, ताई. म्या म्हटलं, दोघी एवढ्या शिकलेल्या, त्यायले कळतेच."

"मग दवाखान्यात तुम्ही मला विचारलंत..."

"विचारलं. तुमी व्हय म्हणसान तर मीबी सांगीन, असं धरून होतो. तुमी नाही म्हटलं. मग म्याबी नाही म्हटलं." ते वळले. भाऊजींना कधी रडताना पाहिलं नव्हतं मी. "आयुष्यभर पोराईले प्रथमोपचार शिकवले, ताई. घरच्या बाईले जिरं देल्लं."

म्हणजे बघ, कुंदे. पुन्हा एकच चूक आणि तिच्यावर दोन सह्या. दवाखान्यात त्यांनी माझं पाहून 'नाही' म्हटलं, मी त्यांचं न पाहता. दोघं तेरा दिवस शेजारीशेजारी बसून एकच खोटं बोललो आणि दोघांनाही वाटलं की आपण एकटेच आहोत. जिन्यातला तुझा आवाज माझ्या कानात इतका स्पष्ट आला की मी मागे वळून पाहिलं. तिथे फ्रिज होता.

मग आम्ही चहा केला. त्यांनी ठोकळा शोधला, तो गॅसच्या शेगडीमागे निघाला. तो तिवईवर नीट बसवताना, माझ्याकडे न पाहता, त्यांनी विचारलं, "एक सांगा ताई. थंडी केवढी होती त्या दिवशी. मी स्वेटरवरून शाल घेऊन बसलो होतो. अन् ती पदरानं तोंड पुसून राहिली होती, मान पुसून राहिली होती. म्या म्हटलं, आताच तोंड धुतलं असंल. त्याचं काही होतं का?"

मी म्हटलं, होतं. या वेळी खोटं बोलले नाही. ते खाली बसले. मी शेजारी बसले, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तुझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून होतो.

त्यांना घाम दिसला आणि त्याचा अर्थ माहीत नव्हता. मला अर्थ माहीत होता, मला तो दिसत नव्हता. मध्ये तू होतीस आणि तू दोघांनाही तेच एक वाक्य दिलंस, उत्तरासकट. तुझा स्वतःचा नियम तू मोडलास. जन्मभर तू नाही म्हणणाऱ्याला शोधत गेलीस, लाल पेन्सिलवाल्या पोराला शेजारी बसवलंस, आणि त्या सकाळी ज्या दोघांकडून हमखास हो मिळेल त्याच दोघांना विचारलंस. दोन गल्ल्या सोडून डॉक्टर राहतो, त्याला नाही विचारलंस. तू भ्याली होतीस का गं? हे मला परवापर्यंत सुचलंच नव्हतं. तू घाबरू शकतेस हे मी कधी धरूनच चालले नव्हते. तुला तपासणारे नकोच होते त्या वेळी. तुला सोबत हवी होती, आणि ती आम्ही दिली. आभार मानावेत की स्वतःच्या थोबाडीत मारावी, हे मला कळत नाही. तू मला मैत्रीण म्हणून उचलून इकडे ठेवलंस ते खरं, पण मैत्रिणीनं एकदा तरी टाकी पाहायला हवी होती.

आता सातचा गजर वाजला की भाऊजी मला फोन करतात. काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. काल म्हणाले, "उठल्या का?" मी म्हटलं, उठले.

पण त्यांचा फोन यायच्या आधी रोज तुझा येतो, कुंदे. तू म्हणतेस, अ‍ॅसिडिटीच असंल, नाही? आणि कालपासून मी 'असेल' म्हणत नाही. मी म्हणते, ते राहू दे, तू मला एवढंच सांग, घाम आलाय का वं तुला? त्या दिवशी मी एवढंच विचारायचं होतं. तू अर्थ सांगताना चुकली असशील, स्वतःची समजूत घातली असशील, पण विचारलेला आकडा तू मला आयुष्यात कधी खोटा दिला नाहीस. तू हो म्हणाली असतीस.